किंचित वळलेला दात

"हे कुणाचे दात आहेत, असं विचारतायत त्या," डॉक्टर फोनवर म्हणाला, आणि तिला आधी वाटलं की दुसऱ्याच कुणाची पेटी चुकून त्याच्याकडे गेली असावी. लॅबमध्ये असं होतं. होऊ नये, पण होतं. तिने फोन खांद्यात धरला, हातातली मेणाची सुरी बर्नरवरून बाजूला घेतली आणि म्हणाली, "पेटीवरचं नाव बघा ना एकदा." "नाव बरोबर आहे हो, मापही बरोबर बसतंय. पण पेशंट आरशात बघून म्हणतायत, हे माझे नाहीत. वरचा, डावीकडचा, पुढच्या दोघांच्या शेजारचा दात वळलाय. पुढच्यावर चढल्यासारखा. मी कुठे असं मागितलं होतं? या बाई जन्मभर मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळं रांगेत लागतं." मागून त्या बाईंचा आवाज आला, मेणातली कवळी तोंडात असताना येतो तसा, भरल्या तोंडाचा आणि दुखावलेला. "मी अशी हसत नाही." डॉक्टर हसला. तिला काही हसू आलं नाही. "पाठवून द्या, सरळ करून देते," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिचं काम असं परत कधी आलेलं नव्हतं, आणि यायचं तर ते नेमकं आजच यायचं होतं, ज्या दिवशी एजंटने दाखवलेल्या नव्या घराबद्दल होय की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

दुपारच्या फेरीत पेटी आली. कवळी पक्की करण्याआधी मेणात बसवून देतात, पेशंटच्या तोंडात घालून बघायला. मेणात असेपर्यंत सगळं बदलता येतं, दात पुढे घे, मागे घे, जरासा खाली ओढ. एकदा पक्की झाली की मग घासण्यापलीकडे काही हातात राहत नाही. मेण ही तिची जागा होती. साचे ओतणारी वेगळी, घासून चमकवणारे वेगळे, आणि मधलं हे, बिनदाताच्या माणसाला हसू बसवून देण्याचं काम तिचं. तिने झाकण काढलं, प्लास्टरचे दोन्ही जबडे बिजागरीच्या यंत्रावर चढवले, एकमेकांवर मिटले आणि दिव्याखाली ओढले. तिचा नवरा तिच्याकडे बघून हसला.

चेहरा नव्हता, डोळे नव्हते, ज्यावर तिने एके काळी जीव टाकला होता ती हनुवटी नव्हती. गुलाबी मेणात रोवलेले दात फक्त, तेही दुकानातून आणलेले, एका मापाचे, एका रंगाचे. पण तो होता. डावीकडचा तो दात जरा कुशीवर वळून शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकला होता, गर्दीत पुढे काय चाललंय ते बघायला मान वाकडी केलेल्या माणसासारखा. नवरा हसणार असला की ओठ पुरते उघडायच्या आधी हा दात बाहेर यायचा, आणि तो दात बाहेर आला की समोरच्याने आपलं म्हणणं अर्ध्यावर सोडून दिलेलं असायचं. ती स्वतः किती म्हणणी अशी अर्ध्यावर सोडून बसली होती. आता त्या दाताकडे बघताना काळजात कळ वगैरे येईल म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली, पण आला तो राग, आणि तोही साधा, घरगुती, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कुणीतरी चपला घालून गेल्यावर येतो तसला. अरे, निदान इथे तरी येऊ नकोस. माझ्या टेबलावर, माझ्या हातून, एका मुख्याध्यापिकेच्या तोंडात. काही ताळतंत्र आहे की नाही.

"काका, जरा इकडे बघा," ती पॉलिशच्या टेबलाकडे वळून म्हणाली. तिथले म्हातारे गृहस्थ लॅबमध्ये सगळ्यांचेच काका होते. "हा दात असा मी का बसवला असेन?"

काकांनी मोटार बंद केली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "का म्हणजे? तुम्ही नेहमीच बसवता."

"नेहमी काय नेहमी?"

"अहो, वरची कवळी तुमच्या हातची असली की तो तसा असतोच. कधी थोडा, कधी जास्त. त्या खाचेत घालायला मी बारीक ब्रश वेगळा ठेवलाय, हा बघा. आम्हाला वाटायचं ती तुमची सही आहे."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"मला, मालकांना. साचेवालीला पण माहीत आहे. मालक एकदा म्हणाले, विचारू का बाईंना? मी म्हटलं कशाला, डॉक्टर लोक खूश आहेत, अगदी खरे दिसतात म्हणतात. सगळे सरळ असले की ते दुकानातल्या बरणीत ठेवल्यासारखे दिसतात." काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "का हो? नव्हती का सही?"

"होती," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार. काकांनी मोटार पुन्हा चालू केली, आणि त्या घरघरीत ती एकटी बसून राहिली. म्हणजे शहरभर ती नवरा वाटत सुटली होती. निवृत्त कारकून, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, एक वकील होता ज्याला दात लवकर हवे होते, एक गाणं शिकवणारी होती. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या फोटोत, जिथे म्हणून ही मंडळी हसत असतील तिथे त्यांच्या ओठांच्या आधी तो बाहेर येत असणार. आणि ती मात्र घरी त्याचा एक फोटो दर्शनी ठेवलेला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटत होती. आम्ही विसरलो बाई, आमचं काही नाही, असं शेजारणीला सांगत होती. माणसाने स्वतःला किती बनवावं, याला काही मर्यादा?

तो या लॅबमध्येच भेटला होता. दातांचे संच विकायला यायचा, काळी बॅग घेऊन, रंगांच्या पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसत. मालकांना तो माल दाखवायचा आणि बघायचा हिच्याकडे. "यातला कुठला तुमचा?" तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, त्याच्या त्या वळलेल्या दाताकडे बोट करून, कारण तेव्हा ती असं काही बोलू शकायची. "हा विकायचा नाही," तो म्हणाला होता, "बाकी सगळे घ्या." एवढ्यावर लग्न झालं म्हटलं तरी चालेल. मग कंपनीने त्याला दूरच्या शहरात पाठवलं, थोड्या दिवसांसाठी, घर बघतो आणि तुम्हा दोघींना, तुला आणि माझ्या आईला, नेतो म्हणाला. आधी फोन रोज, मग आठवड्याने, मग सवडीने. मग एकदा सवडीच्या फोनवर तो शांतपणे म्हणाला की तो परत येणार नाही, तिथे त्याचं सगळं बसलंय, आणि तिने आणि आईने त्याची वाट बघू नये. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात माणसाला निदान स्वतःचा आवाज ऐकू येतो. तिने "बरं" म्हटलं होतं. अजूनही कधी बसमध्ये, कधी भाजी चिरताना ते "बरं" तिला आठवायचं आणि चाकू लाकडावर जोरात पडायचा. काय म्हणून बरं? कशाचं बरं?

त्यानंतर महिनाभर तिने देवाला सळो की पळो केलं होतं. तिला वाटायचं, आपण नीट मागितलं नाही म्हणून मिळत नाही. डॉक्टरने माप नीट कळवलं नाही तर कवळी कशी बसेल, तसं. म्हणून ती तपशीलवार मागायची. त्याला तिथलं पाणी बाधू दे, पण फार नको. तिथे त्याचं जे कुणी माणूस असेल ते त्याला कंटाळू दे. महिन्याने तिने देवाशी बोलणं टाकलं. आणि टाकलं म्हणजे एका घरात राहणाऱ्या, अबोला धरलेल्या जावा टाकतात तसं. भांडी आपटायची, दारं जोरात लावायची, त्याला ऐकू जाईल अशा बेताने तिसऱ्याशीच बोलायचं. आमचा काही विश्वास नाही बाई कशावर, हे वाक्य ती नेहमी जरा वर बघून म्हणत असे.

फोन वाजला तो एजंटचा. "ताई, काय ठरलं? ते घरमालक माझ्या डोक्यावर बसलेत. आज संध्याकाळी नाही सांगितलंत तर मी दुसऱ्याला दाखवणार. मागची दोन्ही घरं तुम्ही अशीच घालवलीत." "सासूबाईंना विचारून सांगते." "ताई, मागच्या दोन्ही वेळी पण हेच. त्यांना एकदा घेऊन या ना बघायला, लिफ्ट आहे." "त्यांना खाली उतरता येत नाही, म्हणून तर लिफ्टचं घर हवंय." "मग झालं की," एजंट म्हणाला, आणि त्याचं अगदी बरोबर होतं, म्हणूनच तिला त्याचा संताप आला. मग झालं की म्हणे. तो काय एका बिनदाताच्या आईला सांगायला जाणार होता की तुमच्या लेकाला ठाऊक असलेला एकमेव पत्ता आपण आता सोडतोय?

कारण गोष्ट एवढीच होती. त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं, जिना उभा, पायऱ्या मधोमध झिजून खळगे पडलेल्या, आणि सासूचे गुडघे गेल्यापासून ती खालची जमीन खिडकीतूनच बघत होती. डॉक्टरकडे न्यायचं तर खालचा रंगारी आणि त्याचा भाऊ तिला खुर्चीत बसवून उतरवायचे, आणि ती डोळे मिटून घ्यायची, भीतीने नाही, लाजेने. लिफ्टचं घर मिळालं की ती रोज सकाळी पायाने रस्त्यावर येऊ शकेल, कोपऱ्यावरच्या बाकावर बसू शकेल, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवू शकेल. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे सगळं सुनेला कळत होतं. पण रोज सकाळी ती म्हातारी कवळी काढून वाटीत ठेवायची, खिडकीशी खुर्ची ओढायची, रस्ता वळतो त्या टोकाकडे तोंड करायची आणि हात जोडून काहीतरी पुटपुटत राहायची. बिनदाताचं ते पुटपुटणं, त्यातलं अक्षर कळायचं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. आई आणखी काय मागणार? विचारायचं काय त्यात. तिने कधी विचारलं नव्हतं. वर तिला त्या आशेचा मनस्वी वैताग यायचा. इतकी वर्षं झाली, तोंडातले दात गेले, गुडघे गेले, आणि ही आशा तेवढी ठणठणीत. बाथरूमच्या नळासारखी, कितीही आवळा, सकाळी ठिबकतेच आहे.

तिने बर्नर पेटवला, सुरी तापवली आणि त्या दाताभोवतीचं मेण सैल केलं. दात चिमटीत आला. सरळ करायला क्षण लागला, पण सरळ केल्यावर तिची बोटं परत तिकडे जात होती, त्याला जरासं वळवायला, आणि हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. अंगठा आपल्या मनाने पुढे सरकत होता. पेन्सिल हातात घेतल्यावर हात आपोआप आपलंच नाव लिहितो, तसा. तिने दोनदा सरळ केला, दोनदा तो वळला. तिसऱ्यांदा तिने डावा हात वापरला, जो बिचारा कशातच नव्हता, आणि दात मुकाट्याने रांगेत उभा राहिला. मुख्याध्यापिकांचं हसू तयार झालं. फार चांगलं नव्हतं, कडक होतं, पण त्यांचं होतं. पेटी बंद करून तिने मालकांना सांगितलं की डोकं दुखतंय, जाते. मालक म्हणाले, "जा, पण उद्या या. आणि बाई, ती सही," ते घुटमळले, "बंद करणार का?" "हो," ती म्हणाली. मालकांच्या तोंडावर खरोखरीचं वाईट वाटल्याचं दिसलं आणि तिला तेही सहन झालं नाही.

घरी जाताना ती लोकांच्या तोंडांकडे बघत होती. धंद्याची खोड, पण आज वेगळी. तिकीट देणारा, फळवाली, फोनवर ओरडणारी एक बाई. कुणी हसलं की ती आधी डावीकडे बघायची. तो कुठे दिसला नाही. नाही दिसला म्हणून तिला हायसं वाटलं, की आपली काहीतरी वस्तू हरवल्यासारखं वाटलं, हे ठरवेपर्यंत जिना आला. उभा, खळग्यांचा. अर्ध्यावर दम घ्यायला थांबली तेव्हा तिच्या मनात आलं की आपण ज्या आशेवर इतकी वर्षं चिडतो आहोत ती ठिबकते कुठून हे एकदा नीट बघायला हवं. पण हा विचार तिला आवडला नाही, म्हणून तिने उरलेला जिना भरभर चढून टाकला.

सासू खिडकीशीच होती. "लवकर आलीस? काढलं की काय कामावरून?"

"काढलं नाही. डोकं दुखतंय."

"माझं पण दुखायचं असल्या वासाने. काय ते मेण जाळता दिवसभर." म्हातारीने वाटीतली कवळी काढून तोंडात बसवली, कारण सुनेशी बोलायचं म्हणजे दात लागायचे, आणि ओठ चाचपून सारखे केले. संध्याकाळच्या तिरक्या उजेडात सुनेने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. ही कवळीही तिनेच केलेली. म्हातारी हसत नव्हती, नुसतं तोंड उघडत होती, पण तेवढं पुरे होतं. डावीकडे, पुढच्या दोघांच्या शेजारी, किंचित वळलेला.

तिने जवळ जाऊन वाकून पाहिलं. "आई, तुमच्या तोंडात..."

"काय माझ्या तोंडात?"

"तो दात. तुम्हाला माहीत होतं?"

म्हातारीने जिभेने तो दात चाचपला, घरातला कुणी झोपलाय का ते बघावं तसा. "पहिल्या दिवशीच कळलं. आरशात बघितलं आणि म्हटलं, हा कुठे येऊन बसलाय. तुला काही बोलले नाही. म्हटलं, एवढ्या मायेने बसवलाय, बसू दे."

"मी मायेने नाही बसवला. चुकून झालं. सगळ्यांनाच तसं झालंय, अख्ख्या शहराला."

"मग झालंय ते झालंय. मी रोज काढून वाटीत ठेवते त्याला. तू कुठे ठेवतेस?"

हे इतक्या सहज आलं, चहा हवा का विचारावं तसं, की तिला रागच आला. "मला काय विचारता? मी वाट बघत नाही कुणाची. तुम्हीच रोज इथे बसून देवाकडे मागत असता, येऊ दे येऊ दे. तुमच्या त्या मागण्यापायी मी दोन घरं घालवली. म्हटलं, म्हातारीचा जीव तुटेल, लेकाला हाच पत्ता ठाऊक आहे. आज तिसरं जाईल. आणि एजंट मला बोलतो."

"कुठली घरं?"

"लिफ्टची."

म्हातारी खुर्चीत वळायला बघू लागली, गुडघा आडवा आला, तिने गुडघ्याला शिवी दिली आणि तशीच अर्धी वळून सुनेकडे बघत राहिली. "लिफ्टची घरं आली आणि तू घालवलीस?"

"तुमच्यासाठी."

"अगं बये," म्हातारी म्हणाली, "मी रोज इथे बसून दुसरं काय मागते? लिफ्टच मागते की. देवा, एक लिफ्ट दे, जमिनीवर पाय टेकू दे. इतके दिवस मी म्हणतेय हा ऐकत कसा नाही. तो बिचारा पाठवतोय आणि तू दारातून परत लावतेयस. त्याला किती बोल लावले मी."

"पण तुम्ही त्या वळणाकडे तोंड करून..."

"मग कुठे तोंड करू? खिडकी तिकडे आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. "त्याच्याबद्दल काहीच मागत नाही?" सुनेने विचारलं, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच फिर्याद केल्यासारखा लागला, आपण दोघी एका रांगेत उभ्या होतो आणि तू न सांगता घरी गेलीस, अशी.

"मागायचे. तू मागत होतीस तेव्हा मी पण मागत होते. भिंतीच्या अलीकडे तू, पलीकडे मी. मग एकदा गुडघे फार दुखत होते, उठता येईना, आणि मी म्हटलं, हे बघ बाबा, तो आधी तुझाच होता. मला सांभाळायला दिला होतास, जमला तेवढा सांभाळला. आता माझ्याच्याने होत नाही. घे परत. तिथे आहे तर तिथे बघ त्याच्याकडे. मी काही रोज येऊन विचारणार नाही, काय केलंस म्हणून."

"आणि?"

"आणि काय, झोप लागली."

"दुःख नाही झालं?"

"झालं की. अजून होतं. दुःख कुठे जातंय, ते राहतं आपलं कोपऱ्यात. वाट बघायचं काम तेवढं सुटलं. फार काम असतं गं ते, सगळा दिवस खातं." मग तिने सुनेकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू पण तो देवाला दिला होतास, मला माहीत आहे. पण अर्धा हातात धरून दिलास. अशाने त्याला तरी घेता कसा येईल? आता तो फोन कर आधी, मला प्रश्न विचारत बसू नकोस."

तिने फोन केला. एजंट म्हणाला, "ताई, आता काय सांगू. अर्ध्या तासापूर्वीच एक जोडपं बघून गेलंय. त्यांनाही आवडलंय. घरमालक सकाळी ठरवणार. मी तुमचं नाव घालतो, पण खात्री देत नाही." ती म्हणाली, "आमची होय आहे. पक्की होय आहे. सासूबाईंना विचारलंय." "आज विचारलंत?" एजंट म्हणाला आणि तिने फोन ठेवला. हे असंच व्हायचं, तिला माहीत होतं. ज्या दिवशी आपण हो म्हणणार त्या दिवशी आधी एक जोडपं येऊन जाणार. तिने म्हातारीला सांगितलं, खात्री नाही, सकाळी कळेल, आणि मनातल्या मनात तयार झाली, आता ही हिरमुसेल, आता हिची समजूत काढायला लागणार. म्हातारी म्हणाली, "मग कपाट काढायला घे."

"कशाला? मिळालंय कुठे?"

"मिळाल्यावर घाई होते. नाही मिळालं तर कपाट आवरून होईल. किती वर्षं आवरलं नाहीस ते."

चिडून चिडून ती कपाट काढायला बसली. सासू खुर्चीतून हुकूम सोडत होती, ते ठेव, ते टाक, ते कुणाचं आहे, माझं नाही ते. वरच्या कप्प्यात, चादरींच्या मागे, त्याचे सदरे होते. घड्या तिनेच घातलेल्या, आणि मध्येच कधीतरी काढून पुन्हा घातलेल्याही, नाहीतर त्या इतक्या ताज्या नसत्या. हे तिने म्हातारीपासून लपवलं होतं असं तिला वाटायचं. म्हातारी आता मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. "खालच्या रंगाऱ्याला कामावर घालायला जुने कपडे लागतात," ती बाहेर बघतच म्हणाली. "मागे म्हणत होता."

तिने ते सगळे एका चादरीत बांधले आणि जिना उतरायला लागली. बोचकं मोठं होतं, पुढचं दिसत नव्हतं, पायाने खळगे चाचपत उतरावं लागत होतं. आणि त्या जिन्यात, वैतागाच्या भरात, तिने तोंड उघडलं. कुणाशी बोलतेय हे तिने आधी स्वतःलाही कळू दिलं नाही. हे काय झालं का, ती म्हणाली. महिनाभर घसा कोरडा केला तेव्हा ऐकू आलं नाही, आणि त्या म्हातारीला लिफ्ट पाठवतोस, ती पण तीनतीनदा. बरं, पाठवलीस तर पाठवलीस, मला कुणी सांगायचं होतं. मी काय मनकवडी आहे? वळणावर बोचकं कठड्याला अडलं, तिने ते ढकललं. मी त्याच्यासाठी काय काय मागितलं ते तू विसर. पाणी बाधू दे वगैरे. तसलं काही करू नकोस. असला तिथे सुखात तर असू दे. नाही, हे मी मनापासून म्हणत नाहीये, पण म्हणतेय, तेवढं चालवून घे. माझा हात दुखायला लागलाय. आणि त्या सकाळच्या बाईंच्या दातात तो होता हे तूच दाखवलंस ना? सरळ सांगता येत नाही का रे तुला कधी? शेवटच्या पायऱ्यांवर तिला दम लागला आणि बोलणं तुटलं. दम घेताना ती नुसती उभी राहिली, बोचक्यावर हनुवटी टेकून. त्या शांततेत कुणी उत्तर दिलं नाही. पण अबोल्यातली शांतता आणि ही, यांत फरक होता. कुणीतरी सगळं ऐकून घेतलंय आणि आता घाई करत नाहीये, अशी ती होती. मग ती हळू म्हणाली, "घे," आणि रंगाऱ्याचं दार वाजवलं.

रंगाऱ्याने बोचकं सोडून एक सदरा उलटासुलटा केला. "नवेच आहेत की हे. रंगात घालायला कसंसंच वाटेल."

"तू नेस. रंगात घाल नाहीतर लग्नात घाल."

"ताई, परत मागाल."

"नाही मागणार," ती म्हणाली, आणि तिच्या रिकाम्या हातांना आता काय करायचं ते सुचेना म्हणून तिने ते पदराला पुसले.

वर यायला तिला वेळ लागला. घरचं दार सताड उघडं होतं, आणि सासू दाराबाहेर उभी होती, दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पाय पहिल्या पायरीवर टेकवलेला, दुसरा अजून घरात. अंगाचा नुसता थरकाप चालला होता आणि तोंडावर मात्र चोरी पकडल्यावर येतो तसा भाव.

"काय चाललंय हे?" ती धावत पायऱ्या चढून गेली आणि तिने म्हातारीला काखेत धरलं. "पडलात म्हणजे? कुणी सांगितलं होतं बाहेर यायला?"

"बघत होते, पाय टेकतो का. उद्यासाठी."

"टेकतो, बघितलं, आत चला आता. हे असले जिने उतरायची काही गरज नाही तुम्हाला. तिकडे लिफ्ट आहे आपली."

म्हातारी तिच्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल मागे घेत होती. उंबऱ्याशी ती थांबली. "फोन आला एजंटचा?"

"नाही."

म्हातारीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या 'आपल्या' लिफ्टवरून काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं, पण मग तिने ते मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक चांगला टोमणा गिळून टाकून, सुनेचा हात धरून ती निमूटपणे आत गेली. सून तिला खुर्चीत बसवून तशीच उभी राहिली. पलंगावर सगळं कपाट उपसलेलं होतं, बसायला जागा नव्हती, आणि आपण आत्ता जिन्यात काय बोलून गेलो ते तिला हळूहळू ऐकू यायला लागलं.